मामा तलावावरील नोंदी : बेशरम हटल्यानंतर

गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध परिसरातील एका लहान मामा तलावावर, म्हणजेच पूर्वी मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) ताब्यात असलेल्या माजी मालगुजारी तलावावर, मी ठेवत असलेल्या पक्षिनोंदींतून यंदा काही निश्चित दिसू लागले आहे. कोहळी समाजाने पूर्वी बांधलेल्या इथल्या अनेक तलावांप्रमाणे याचाही काठ बेशरम या झपाट्याने पसरणाऱ्या झुडपाने वेढला होता. जनावरे ही वनस्पती खात नाहीत आणि तिचा तुटलेला तुकडाही ओल्या मातीत मूळ धरतो. म्हणून गावातील ढिवरांनी (मासेमारी करणाऱ्या समाजाने) उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर ती मुळासकट उपटली, पाळीपलीकडे, म्हणजे तलावाच्या बांधापलीकडे, वाळत टाकली आणि मोकळ्या गाळात हायड्रिला व व्हॅलिस्नेरिया या पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती आणि तरंगत्या पानांची कुमुदिनी लावली. त्यांना मासळी हवी होती, कारण स्थानिक माशांची पिल्ले याच वनस्पतींच्या आश्रयाने वाढतात; पक्षी हा आम्हा निरीक्षकांचा वरकड लाभ.

पावसाळ्यात तरंगत्या पानांवर लांब शेपटीचे कमळपक्षी वावरू लागले. यांच्यात अंडी उबवणे आणि पिल्ले सांभाळणे हे काम नराचे असते, त्यामुळे पिल्लांसोबतचा एकटा पक्षी दिसला, तर नोंदवहीत 'मादी' लिहिण्याची घाई करू नये. टिबुकली व जांभळी पाणकोंबडी आता नेहमीच्या झाल्या आहेत, तर हिवाळ्यात थापट्या आणि तलवार बदके उतरली. काणूक बदकाची जोडीही दिसते, पण ते झाडाच्या ढोलीत घरटे करत असल्याने पाळीवरील जुनी झाडे टिकली तरच त्याचा मुक्काम राहील.

जवळच्या दुसऱ्या तलावात यंत्राने सरसकट खोलीकरण झाले आहे. तिथे पाणी अधिक काळ टिकते हे खरे. परंतु काठ उभा कापला गेल्यामुळे शेकाट्या, तुतवार आणि मुग्धबलाक यांना पाय टेकवण्याजोगे उथळ पाणीच उरलेले नाही, आणि दिसतात ते बहुतेक पाणकावळे. गाळ काढायचाच असेल, तर निदान एका बाजूचा उतार राखावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोंदियाची ओळख असलेल्या सारस पक्ष्याबद्दल हमखास विचारणा होते. मला तो या तलावावर दिसलेला नाही, आणि त्याच्यावाचून ही यादी उणी आहे असेही मला वाटत नाही.

यापुढे एकूण संख्येऐवजी उघडा गाळ, तरंगती पाने, बुडालेल्या वनस्पती आणि खोल पाणी अशा पट्ट्यांनुसार नोंदी करणार आहे, म्हणजे कोणत्या लागवडीने कोणता पक्षी आला, हे पडताळता येईल.