तुम्ही विचारलंत म्हणून: व्यायाम घरी होत नाही का?

"व्यायाम तर घरीपण होतो ना, मग पहाटे साडेपाचला मेहरूण तलावावर कशाला जाते?" नणंदेपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, म्हणून एकदाच नीट सांगते.

माझं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा उजव्या काखेतले लिम्फ नोड, म्हणजे अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या वाटेवरच्या बारीक गाठी, तेपण काढले. त्यामुळे हातातलं पाणी नीट वाहून जात नाही, हात सुजू शकतो, त्याला लिम्फिडिमा म्हणतात. या भीतीने घरात मला कोणी काही उचलूच देईना, कळशी नको, पिशवी नको, बडगीत, म्हणजे लाकडी उखळात, भरीत ठेचायला बसले तरी लेक हातातली मुसळी काढून घ्यायची. प्रेमच ते, पण सहा महिन्यांत खांदा असा आखडला की दोरीवर साडी टाकता येईना.

म्हणून जळगावच्या या मेहरूण तलावावरच्या व्यायामाच्या ग्रुपमध्ये जायला लागले. तिथे आम्ही अकरा जणी, सगळ्या यातून गेलेल्या. आधी चालणं, मग तिथल्या भिंतीवर बोटं चढवत न्यायची आणि जिथवर पोचली तिथे खडूने रेघ मारायची. माझी पहिली रेघ खांद्याच्या जरा वर होती. मग पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली, ती सोपी वाटली की एक लिटरची. घरी माझी हिंमतच झाली नसती, पण समोर माझ्या आधी दोन वर्षं ऑपरेशन झालेली बाई डंबेल उचलतेय हे डोळ्यांनी दिसतं ना, मग भीती जाते. आमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी सांगितलं की 2009 साली अमेरिकेत आधीच हात सुजलेल्या 141 बायकांवर अभ्यास झाला, हळूहळू वजन वाढवत नेलं तर सूज वाढली नाही, उलट त्रास कमी झाला. आणि त्याच्याही आधी, 1996 ला कॅनडात व्हँकुव्हरला डॉन मॅकेन्झी नावाच्या डॉक्टरांनी ब्रेस्ट कॅन्सरमधून गेलेल्या 24 बायकांना होडी वल्हवायला बसवलं, कोणाचाच हात नव्याने सुजला नाही! अर्थात आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचंच, आणि एकदम जोर करायचा नाही.

आणि घरी कोणाला दिसलं नसतं ते इथे दिसतं. मागच्या श्रावणात कानबाईच्या सणासाठी सगळ्यांनी नव्या बांगड्या भरल्या होत्या, तर हात वर करताना अमळनेरच्या मावशी एकदम थांबल्या आणि एकीला म्हणाल्या, "तुनी बांगडी हाली नही राहिनी वं माय." बांगडी हलत नव्हती, म्हणजे हात सुजला होता, तिला स्वतःला कळलंच नव्हतं, दुखत नव्हतं ना. त्याच दिवशी ताईंकडे नेलं, माप घेतलं, दाबाची स्लीव्ह, म्हणजे हातावर घट्ट बसणारी बाही, सुरू केली, वेळेत सापडलं म्हणून सूज आटोक्यात राहिली. घरच्यांचं लक्ष तोंडाकडे असतं, जेवली का, रडली का. मनगटाकडे बघायचं असतं हे आमच्यासारखीलाच माहीत.

रिपोर्टच्या आदल्या दिवशी झोप लागत नाही हेही तिथेच बोलता येतं, घरी बोललं की सगळेच घाबरतात.

तर कोणाच्या घरी, नात्यात कोणी असेल तर पाठवा. पहिल्या दिवशी हात वर नाही गेला तरी चालतं, खडू आम्ही आणतो.