एका ग्रिपसाठी १९ दिवस: एक्स-ई४ कॅमेरा हातात नीट बसवतानाचा माझा अनुभव

आधी मुद्द्याचं सांगते. बाहेरच्या देशातून काहीही मागवणार असाल, मग ती तीन हजारांची छोटी पट्टी का असेना, ऑर्डरवर नाव आधार कार्डावर आहे तसंच्या तसं टाका. मधलं नाव, आडनाव, स्पेलिंग, सगळं. मी ते केलं नाही आणि माझे १९ दिवस गेले, त्यात पुण्यातली पालखी येऊन गेली, ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

माझ्याकडे फुजीफिल्मचा एक्स-ई४ आहे, सेकंड हँड घेतलेला. २०२१ मध्ये आलेलं मॉडेल, आता नवीन बनत नाही. बॅटरी आणि कार्ड धरून वजन ३६४ ग्रॅम, जाडी जेमतेम ३३ मिमी. पुढून एकदम सपाट, मागे अंगठ्यालाही उंचवटा नाही. हा सपाटपणा मला आवडतो, त्याच्यासाठीच घेतला, २७ मिमीची चपटी लेन्स लावली की ऑफिसच्या पर्समध्ये डब्याशेजारी आरामात मावतो. ती लेन्स फक्त ८४ ग्रॅमची आहे. पण त्याच बॉडीला मी १६-८० ची झूम लेन्स लावते तेव्हा लेन्स एकटी ४४० ग्रॅम, म्हणजे बॉडीपेक्षा जड. सगळा भार पुढे, आणि उजव्या हाताला धरायला काहीच नाही, म्हणून आपण नकळत कॅमेरा चिमटीत पकडतो. अर्धा तास असं चाललं की अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो, करंगळीला जागाच नसते, ती खाली अधांतरी. आणि या बॉडीत हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन नाही, २७ च्या लेन्समध्येही नाही, म्हणजे हात हलला की फोटो हलला. त्यामुळे पकड हा नुसता आरामाचा विषय नाही, फोटोचा आहे.

मी तीन गोष्टी केल्या: मनगटाचा पट्टा, फ्लॅशच्या जागी बसणारी अंगठ्याची पट्टी म्हणजे थंब रेस्ट, आणि खालून स्क्रूने बसणारी मेटलची ग्रिप. पहिल्या दोन्ही आठवड्याभरात झाल्या.

पट्टा रविवार पेठेत बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडून करून घेतला. मी त्यांना कॅमेराच नेऊन दाखवला, त्यांनी मनगटाला दोरी गुंडाळून माप घेतलं आणि म्हणाले, "ताई, हात घामेजला तरी निसटायचा नाही असं करतो." आतून मऊ चामडं आणि एक छोटी सरकणारी कडी, हात सोडला की कडी आपोआप आवळते. त्यांनीच पट्टा कॅमेऱ्याला अडकवायच्या रिंगच्या मागे चामड्याची छोटी गोल चकती घातली, नाहीतर रिंग बॉडीवर घासून ओरखडे पडतात. ही चकती नक्की मागून घ्या, विकतच्या पट्ट्यांनासुद्धा बऱ्याचदा नसते. रिंग कॅमेऱ्याच्या बाजूच्या कानात घालताना नखाने उघडू नका, माझं नख तुटलं, पातळ नाणं घालून फट पाडायची आणि मग सरकवायची.

थंब रेस्ट इथेच ऑनलाइन मिळाली. जरा सैल होती, शूमध्ये म्हणजे फ्लॅशच्या खाचेत हलायची, म्हणून तिच्या पायाला पातळ टेपचा एक थर दिला, आता घट्ट बसते. एक लक्षात घ्या की ती लावली की फ्लॅश लावता येत नाही, आणि एक्स-ई४ ला स्वतःचा फ्लॅश नाही. मला फ्लॅश लागत नाही म्हणून चाललं, लग्नाबिग्नात फोटो काढणाऱ्यांनी आधी विचार करा.

आता ग्रिप.

बंद झालेल्या मॉडेलची ग्रिप इथे कुठे मिळेना. मुंबईला काम होतं तेव्हा फोर्टात बोरा बाजारलाही चक्कर मारली, तिथे एका दुकानदाराने दुसऱ्याच मॉडेलची दाखवली आणि "बसेल मॅडम, घासून बसवू" म्हणाला. घेऊ नका अशी. एक्स-ई४ ची बॅटरी आणि कार्ड दोन्ही खालून निघतात, दुसऱ्या मॉडेलच्या पट्टीला खाच वेगळीकडे असते, मग दर वेळी बॅटरी बदलायला स्क्रू काढत बसायचं. शेवटी बाहेरच्या एका विक्रेत्याकडून मागवली. मे महिना संपत आला होता, आठ-दहा दिवसांत येईल म्हणाले, म्हणजे पालखीच्या आधी. मला दिवे घाट ग्रिप लावून चढायचा होता, हे सगळं खरं तर त्यासाठीच चाललं होतं.

पाचव्या दिवशी पार्सल भारतात पोहोचलं. सहाव्या दिवशी मेसेज: केवायसी अपूर्ण, कागदपत्रं अपलोड करा. कुरिअरने बाहेरून काही आलं की घेणाऱ्याची ओळख द्यावीच लागते, हा नियम आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. (अशा मेसेजमधल्या लिंकवर थेट जाऊ नका बरं का, फसवणुकीचे मेसेज अगदी हुबेहूब असेच येतात. मी कुरिअरच्या साइटवर स्वतः जाऊन ट्रॅकिंग नंबर टाकला, तिथेही तेच दिसलं तेव्हा विश्वास ठेवला.)

तर फॉर्म. माझं आधार लग्नानंतरच्या नावाने आहे, त्यात नवऱ्याचं नाव मधे. पॅन अजून माहेरच्या नावाने. आणि ऑर्डर मी टाकली होती नुसतं नाव आणि माहेरचं आडनाव अशी, कारण बँकेच्या कार्डावर तेच आहे. शिवाय आधारवर पत्ता साताऱ्याचा, सासरचा, आणि पार्सल यायचं पुण्यात भाड्याच्या फ्लॅटवर. म्हणजे एकाच बाईची तीन नावं आणि दोन पत्ते. आपल्याकडे हे किती बायकांचं असंच आहे! पण फॉर्मला ते कळत नाही. आधार अपलोड केलं, दुसऱ्या दिवशी उत्तर: नाव जुळत नाही. पॅन अपलोड केलं, उत्तर: पत्ता नाही. दोन्ही अपलोड केली, तर दोन कागदांवर दोन नावं म्हणून परत रिजेक्ट. दर रिजेक्टला एक दिवस, शनिवार-रविवार वेगळे.

फोन लावला तर आधी वीस मिनिटं म्युझिक, मग एक मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "मॅम, आपण व्हॅलिड डॉक्युमेंट अपलोड करा." मी म्हटलं अगं दोन्ही व्हॅलिडच आहेत, दोन्ही माझीच आहेत. ती म्हणाली, "मॅम, सिस्टिममध्ये मिसमॅच दाखवतंय." मग मॅरेज सर्टिफिकेट देते म्हटलं, तर ड्रॉपडाउनमध्ये तो पर्यायच नाही. आधार, पॅन, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, बस. मेल करा म्हणाली. मेल केला, पोचपावती आली, पुढे चार दिवस काही नाही. परत फोन, परत वेगळी व्यक्ती, परत पहिल्यापासून सगळी कथा. तिसऱ्या फोनवर कळलं की विक्रेत्याने वस्तूचं वर्णन "कॅमेरा पार्ट" एवढंच लिहिलंय, त्यामुळे ते नेमकं काय आहे तेही विचारलंय, आणि ही गोष्ट मला तोपर्यंत कोणीच सांगितली नव्हती. आठ दिवस मी नावाच्याच मागे होते!

तेवढ्यात माउलींची आणि तुकोबांची पालखी पुण्यात आली, दोन दिवस मुक्काम झाला, आणि माउली दिवे घाटाकडे निघाली. मी गेलेच, नुसता पट्टा आणि थंब रेस्ट लावून, बरोबर २७ ची लेन्स. १६-८० घरीच ठेवली कारण भर गर्दीत एका हातात छत्री आणि एका हातात तो पुढे झुकणारा कॅमेरा मला झेपला नसता. घाटात वरच्या वळणावरून खालची सगळी दिंडी दिसत होती, भगव्या पताका, तुळशी वृंदावनं डोक्यावर घेतलेल्या बायका, आणि मला ८० मिमी हवी होती. ती घरी कपाटात होती. एवढ्याशा ॲल्युमिनियमच्या तुकड्यासाठी, जो तेव्हा कुठल्यातरी गोदामात पडून होता आणि त्याच्यावर रोजचं स्टोरेज चार्ज चढत होतं. त्याचा मला खरंच राग आला आणि आजही येतो.

शेवटी काय झालं तर मी शहरातल्या त्यांच्या ऑफिसात प्रत्यक्ष गेले. काउंटरवरच्या दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि दहा मिनिटांत मार्ग सांगितला, तो जसाच्या तसा देते. आधारच्या दोन्ही बाजू, पॅन, मॅरेज सर्टिफिकेट आणि नोंदणी केलेला भाडेकरार, या सगळ्याची एकच पीडीएफ करायची, पहिल्या पानावर सही करून लिहायचं की ही दोन्ही नावं माझीच आहेत, आणि ती फाइल आधारच्याच जागी अपलोड करायची. साइझ १ एमबीच्या आत, नाहीतर एरर न दाखवता नुसती फिरत राहते. वस्तूसाठी वेगळा मेल: मेटलची हँड ग्रिप, वैयक्तिक वापरासाठी, सोबत बिल, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आणि वस्तूचा फोटो. मी तिथेच बाकावर बसून मोबाइलवरून केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी क्लिअर. पहिल्या मेसेजपासून मोजले तर १९ दिवस. ड्युटी भरली, स्टोरेजचेही भरले, आणि पार्सल दारात आलं तेव्हा मला आनंदाच्या आधी हुश्श झालं.

फोनवर वेळ घालवू नका, दुसऱ्या रिजेक्टला सरळ ऑफिस गाठा. आणि किंमत कमी दाखवा किंवा गिफ्ट लिहा असं विक्रेत्याला सांगू नका, उलट वर्णन नीट लिहायला सांगा. मॅरेज सर्टिफिकेटचा स्कॅन फोनमध्येच ठेवा. मी त्यानंतर पॅनवरचं नाव बदलायला टाकलं, ते मात्र सहज झालं.

ग्रिप बसवायला दोन मिनिटं लागली. खाली ट्रायपॉडसाठी जे पाव इंची छिद्र असतं त्यातच स्क्रू जातो. आधी हाताने फिरवायचा, दोन-तीन आटे सरळ गेले की मगच ॲलन कीने आवळायचा, तिरका गेला तर बॉडीचेच आटे जातील. फार करकचून नको. महिन्यातून एकदा तपासा, चालताना थोडा सैल होतो, मग ग्रिप किंचित तिरकी फिरते आणि बोटांना ते लगेच कळतं.

आणि फरक? मधलं बोट आणि अनामिका आता उंचवट्याला मागून कवळ घालतात, तळाच्या पट्टीची जाडी मिळाल्यामुळे करंगळीही बॉडीवर येते, मागे अंगठा थंब रेस्टला टेकतो, आणि कॅमेरा चिमटीतून मुठीत येतो. जोर बोटांच्या टोकांवरून निघून तळव्यावर जातो. १६-८० लावून मी परवा लोहगडाला गेले होते, धुकं, बारीक पाऊस, कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी (ही बॉडी वॉटरप्रूफ नाही, लेन्स पावसातली असली तरी), आणि तीन तासांनी अंगठ्याचं मूळ अजिबात दुखलं नाही. २७ मिमीला हाताने धरून आधी १/४० सेकंदाच्या खाली जायची मला भीती वाटायची, छोट्या म्हणजे क्रॉप सेन्सरमुळे २७ चा दीडपट हिशोब धरला तर तेवढं लागतंच. आता गणेश दरवाज्याच्या आतल्या अंधारात १/१५ ला पाच काढले, त्यातले तीन धारदार. डावा हात मात्र लेन्सखाली हवाच, जड लेन्सचं वजन ग्रिप उचलत नाही, ग्रिप फक्त उजव्या हाताला काम करू देते.

वजन वाढतं, चपट्या लेन्सबरोबर पर्समध्ये थोडी जास्त जागा लागते. म्हणून रोज ऑफिसला जाताना मी ती काढते आणि पट्टा तेवढा ठेवते. ग्रिपच्या तळाला ट्रायपॉडच्या खाचेत बसणारा आकार आधीच आहे, त्यामुळे वेगळी प्लेट लागत नाही, हा फायदा घेण्याआधी मला माहीतच नव्हता.

हो, शटरच्या बटणात फिरवून बसवायचं ते छोटं गोल बटण पण घेतलं होतं, ते विसरलेच. बोटाला छान लागतं, पण पर्समध्ये दाबलं जाऊन कॅमेरा जागा राहतो आणि बॅटरी जाते, शिवाय स्वतःहून सुटतं. माझं पहिलं दिवे घाटातच कुठेतरी पडलं. दुसरं लावताना खाली रबरी चकती घातली, ते टिकलंय. आणि ४ मिमीची ॲलन की माझ्या ग्रिपला लागते, ती बॅगेत ठेवा, गडावर स्क्रू सैल झाला की कुणाकडे मागणार.