पाळी आणि प्रॅक्टिकल
आज प्रॅक्टिकल आणि नेमकी आजच पाळी. एका हाताने टेबल घट्ट धरून रीडिंग घेतेय, कंबर मोडून आलेली, मांड्यांत गोळे, वर मळमळ, आणि सर विचारतायत काय गं नाश्ता नाही केलास का, हो म्हटलं, काय सांगणार! "एवढं काय त्यात, सगळ्यांनाच येते" हे तर बायकांकडूनच जास्त ऐकू येतं, राग त्याचाच जास्त. अहो नाटक नाही हे, प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन गर्भाशयाला जोरात आकुंचन पावायला लावतं म्हणून कळा येतात, मळमळ जुलाबही बरेचदा त्याच्यामुळेच. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या ते रसायन बनणंच कमी करतात, त्यामुळे अंगावर काढून शेवटी घेण्यापेक्षा दुखायला लागलं की लगेच घेतली तर जास्त फरक पडतो (रिकाम्यापोटी नको, दमा किंवा अल्सर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा). आणि गोळी घेऊनही दर महिन्याला लेक्चर बुडतच असतील तर सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून गप्प बसू नका गं, एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं तो आजार) साध्या सोनोग्राफीत बरेचदा दिसतच नाही. बाकी अटेंडन्ससाठी मेडिकल सर्टिफिकेट मागतात, दर महिन्याला कुठून आणायचं ते 🙄