मीनास्याचा ग्रह

मंगळवार, रात्री उशिरा

ओवीने भिंतीवरच्या चित्राला बोट लावून विचारलं, "हा ठिपका कसला गं?" ग्रह, असं तोंडावर आलेलं गिळलं. "काही नाही तिथं आता," म्हणाले. ती खेळायला पळाली. माझ्या मनातून मात्र ते 'आता' जात नाही.

२००८ मध्ये जाहीर झालं होतं ते चित्र. मीनास्य ताऱ्याभोवतीचं धुळीचं कडं आणि त्याच्या आतल्या अंगाला हबल अवकाश दुर्बिणीने टिपलेला तो ठिपका. २५ प्रकाशवर्षांवरचा ग्रह, डोळ्यांना दिसलेला! २०१५ मध्ये त्याला डेगन हे नाव मिळालं. २०१४ च्या छायाचित्रांत तो नव्हताच, हे कळलं २०२० मध्ये. दोन बर्फाळ गोळे एकमेकांवर आदळून उडालेला धुरळा असावा, पसरत विरून गेलेला. म्हणजे नाव ठेवलं तेव्हा नाव घ्यायलाही कुणी उरलं नव्हतं. हेच सोसत नाही मला. यंदा आधीच घरातून... जाऊ दे.

कुणाला सांगावं तर म्हणतील, एका ठिपक्यासाठी एवढं? हो, एवढं.

पण कडं आहेच ना. त्याचा मध्य ताऱ्यावर नाही, पृथ्वी-सूर्य अंतराच्या १५ पट बाजूला आहे, हे २००५ मध्येच, ठिपक्याची बातमी यायच्या आधी मोजलेलं. धूळ आपणहून अशी एकीकडे कलत नाही. लंबगोल कक्षेतला एखादा ग्रह लाखो वर्षं हलकेच ओढत राहिला, की अख्खं कडं तसं होतं. २०२३ मध्ये वेब अवकाश दुर्बिणीला आत आणखी दोन पट्टे दिसले, मध्ये मोकळ्या जागा. त्या जागा कुणीतरी झाडून ठेवल्या असणार.

अभिजित ताराही तेवढाच दूर, वयानेही जवळपास तेवढाच. त्याची धुळीची तबकडी २०२४ मध्ये पाहिली तर जवळजवळ गुळगुळीत निघाली. तिथं मोठा ग्रह नसावा. मीनास्याचं तसं नाही. त्याच्या धुळीवर कुणाचातरी हात फिरलेला आहे, आणि ज्याचा फिरलाय त्याला अजून नाव नाही. मला तो हवाय. डेगनपेक्षाही जास्त.

बीटा पिक्टोरिस ताऱ्याच्या तबकडीतला बाक १९९० च्या दशकात दिसला होता. तिथं ग्रह असणार, हे गणिताने तेव्हाच सांगितलं. तो टिपल्याची बातमी २००८ मध्ये आली, खात्री २०१० मध्ये झाली. मीनास्यालाही लागू दे वेळ.