डोळ्याच्या पडद्याला चीर पडली तेव्हा: माझा अनुभव

उजव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकावी तसा उजेड दिसू लागला आणि पाठोपाठ काळे ठिपके तरंगायला लागले. दुखत काहीच नव्हतं. पडद्याला, म्हणजे रेटिनाला, वेदना कळतच नाही. ओढ बसली तरी तो मेंदूला उजेडाचीच खबर देतो. डोळ्यात भरलेला पारदर्शक गर वयानुसार आकसून पडद्यापासून सुटतो. बहुतेकांचा सुखरूप सुटतो. माझा मायनस नंबर मोठा, पडदा कडेला पातळ, तिथेच गर चिकटून राहिला आणि चीर पडली.

तपासणीआधी बाहुली मोठी करणारे थेंब घातले. थोड्या वेळात जवळचं वाचता येईना, उजेड सहन होईना. हे काही तास टिकतं, तेव्हा गाडी स्वतः चालवत जाऊ नका. डॉक्टरांनी डोक्याला दिवा लावला, हातात भिंग धरलं आणि "वर बघा, आता नाकाकडे" म्हणत पडद्याची कड न कड पाहिली. पापणीवरून डोळा दाबतात ते नकोसं वाटतं, पण चीर अशाच आडबाजूला सापडते.

याच तपासणीत एक विलक्षण गोष्ट पाहिली. दिव्याचा झोत सरकताना समोर काळ्या फांद्यांचं झाड उभं राहिलं. त्या माझ्याच पडद्यावरच्या रक्तवाहिन्या होत्या! त्यांची सावली पडद्यावर कायम एकाच जागी असते, म्हणून मेंदू ती गाळून टाकतो. झोत हलला की सावली हलते आणि दिसते. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे टिपलं. भीती विसरून मी बघतच राहिलो.

लेसर लगेचच केलं. बधिर करणारे थेंब, मग हिरवे लखलखाट, मधूनच टोचल्यासारखं. चिरेभोवती लेसरच्या ठिपक्यांचं कुंपण घालतात. भाजलेली जागा पुढच्या आठवड्यांत खालच्या थराला घट्ट चिकटते, मग पाणी चिरेतून पडद्यामागे शिरत नाही. शिरलं की पडदा सुटतो. चीर बंद केली की सुटलेला पडदा परत बसू शकतो, हे स्विस डॉक्टर गोनँ यांनी १९२०च्या दशकात दाखवलं. त्याआधी यावर इलाज जवळपास नव्हताच.

ठिपके लेसरने जात नाहीत, माझेही आहेत. नजरेच्या कडेने काळी सावली सरकू लागली तर मात्र रात्र असली तरी यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं आहे.