वेशीबाहेरचं घर

१० एप्रिल

गहू निघाला. इंदूरबाहेर राऊ आणि कारखान्यांचं पीथमपूर यांच्या मधल्या शेतांत आता नुसते खुंट उरलेत, आणि मनाई असूनही कुठे कुठे ही नरवाई, म्हणजे हे खुंट, पेटतेच. या दिवसांत वारा पश्चिमेचा, नैर्ऋत्येचा व्हायला लागतो आणि पावसाळा संपेपर्यंत तसाच राहतो. थंडीत तो उत्तरेकडून, ईशान्येकडून येतो. लोक प्लॉट बघायला येतात ते बहुधा दिवाळीनंतर. गारवा असतो, शेतं हिरवी असतात, हवा स्वच्छ वाटते आणि बयाणा देऊन मोकळे होतात. कारखान्यांचा वास इथवर पोचतो की नाही ते मे महिन्यातल्या संध्याकाळीच कळतं. जागा दोनदा बघावी. मे महिन्यात वारा आणि पाणी बघायला, आणि ऑगस्टमध्ये दोन दिवस सलग पाऊस पडून गेल्यावर रस्ता आणि नाला बघायला.

रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथल्या जुन्या मराठी घरांमधली पुढची पिढी आता राऊच्या पलीकडे सरकते आहे, कारण शहरात जमीन परवडत नाही आणि नोकरी पीथमपूरला आहे. जागा स्वस्त का, याचं उत्तर सरळ आहे. शहरात जे महापालिका करते ते सगळं इथे ज्यानं त्यानं करायचं. पिवळी कचरागाडी हद्दीपाशी थांबते. नर्मदेचा नळही सगळीकडे पोचलेला नाही. पाणी, सांडपाणी, वीज, दिवाबत्ती या सगळ्याचा खर्च प्लॉटच्या किमतीत धरला तरच स्वस्त आणि महाग यांचा खरा हिशोब लागतो.

२ मे

पाच माणसांचं घर, माणशी शंभर लिटर, म्हणजे दिवसाला पाचशे. पाच हजार लिटरचा टँकर दहा दिवस पुरतो, महिन्याला तीन. पण टँकरवाला पाच हजार म्हणतो तेव्हा टाकी खरंच तेवढी आहे का, हे एकदा तरी मोजून घ्यावं. त्यासाठी आपला जमिनीतला हौदही मापाचा हवा. सहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि पाच फूट पाण्याची उंची, एवढ्यात साधारण पाच हजार लिटर मावतं. हौद याहून लहान असेल तर टँकर अर्धा रिकामा करून परत जातो आणि पैसे पूर्ण लागतात.

इंदूर शहराला १९७८ पासून जलूदहून नर्मदा मिळते, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, विंध्याचा घाट चढवून आणलेली. शहराबाहेर भिस्त बोरिंगवर. माळव्यात जमिनीखाली कातळ आहे, बेसाल्टचा. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग घट्ट पाषाण. पाणी साठतं ते मुरमात आणि पाषाणाच्या भेगांमध्ये. भेग सापडली तर दीडशे फुटांवरही पाणी लागतं, नाही सापडली तर सहाशे फूट कोरडे जातात. त्यामुळे शेजाऱ्याच्या बोरिंगवरून आपल्या बोरिंगचा अंदाज बांधू नये, आणि ‘आणखी शंभर फूट मारू’ या गाडीवाल्याच्या आग्रहाला चटकन मान डोलावू नये. त्याचा दर फुटावर असतो.

सगळ्यांत जास्त फसगत केसिंगमध्ये, म्हणजे बोरिंगच्या वरच्या भागात बसवायच्या पाइपात होते. पाइप मुरूम पार करून घट्ट पाषाणात दोन-तीन फूट बसवायलाच हवा. पैसे वाचवायला तो मुरमातच सोडला की पहिल्या पावसात गढूळ पाणी येतं आणि वरचं सांडपाणी त्याच फटीतून बोरिंगमध्ये उतरतं. केसिंगच्या बाहेरची पोकळी वरच्या दहा-पंधरा फुटांत सिमेंटच्या घोळानं भरावी, तोंड जमिनीपासून दीड-दोन फूट वर ठेवावं, भोवती उताराचा ओटा बांधावा. ओट्याचं काम एका दिवसाचं असतं, तरी दहातल्या आठ बोरिंगांना तो दिसत नाही.

पंप तळाला टेकवू नये. दहा-पंधरा फूट वर टांगला तर गाळ ओढत नाही. पाणी खाली गेल्यावर कोरडा फिरून वाइंडिंग जळू नये म्हणून पॅनेलमध्ये ड्राय-रन संरक्षण घालावं. ते मोटर एकदा भरून घेण्यापेक्षा स्वस्त पडतं.

१४ जून

ढग दाटतात आणि विरून जातात. पाऊस यायच्या आत ज्यांना जोते भरायचं आहे त्यांची घाई चालू आहे, आणि त्या घाईतच चूक होते. पायासाठी खणलेली काळी माती तिथेच पडलेली असते, म्हणून ठेकेदार तीच जोत्यात परत लोटतो. ही माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात भेगांमध्ये अख्खा हात जातो इतकी. असल्या मातीवर फरशी टाकली तर दोन पावसाळ्यांत ती मधोमध उचलली जाते आणि दारं चौकटीत अडकायला लागतात. जोत्यात मुरूमच भरावा. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस. काळी माती बागेला ठेवावी, तिथे ती सोनं आहे.

पाया मुरमापर्यंत न्यावा. मुरूम पाच-सहा फुटांवर असेल तर प्रश्न नाही. काळी माती दहा-बारा फूट असेल तर साध्या पायाच्या भरवशावर राहू नये. तळाशी कांद्यासारखे फुगलेले अंडर-रीम पाइल घ्यावेत, त्यांवर प्लिंथ बीम, आणि बीमखाली तीनेक इंच पोकळी, म्हणजे माती फुगली तरी बीमला खालून धक्का बसत नाही. प्रत्येक प्लॉटवर आधी दोन कोपऱ्यांत खड्डा घेऊन मुरूम किती फुटांवर लागतो ते बघावं. जेसीबीचं तासाभराचं काम आहे.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली चीर दिसली की आधी त्या कोपऱ्याजवळ पाणी कुठे मुरतंय ते शोधावं. बहुतेक वेळा गळका नळ, न्हाणीचं चेंबर किंवा छताचा पाइप सापडतो. भिंतीच्या एका टोकाची माती ओली आणि दुसऱ्या टोकाची कोरडी, म्हणून घर वाकतं. घराभोवती तीन-चार फूट रुंद, बाहेर उतार असलेला फरशीचा पट्टा घातला तर हे निम्म्याहून अधिक टळतं. चीर आधी प्लास्टरनं बुजवणाऱ्या मिस्त्रीला मात्र पैसे देऊ नयेत. कारण जागच्या जागी राहतं आणि पुढच्या उन्हाळ्यात चीर परत दिसते.

६ जुलै

पाऊस लागला. हजार चौरस फुटांच्या छतावर वर्षाला साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वाया जाणारं सोडलं तरी सत्तर हजार लिटर हाताशी येतं. चौदा टँकर. इतकं पाणी नाल्यात सोडून मे महिन्यात टँकरची वाट बघणं मनाला पटत नाही.

पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी बाहेर सोडावं. कारखान्यांच्या पट्ट्यात ही सवय फार महत्त्वाची, कारण एप्रिल-मेमधली धूळ आणि काजळी छतावर बसलेली असते. त्यानंतरचं पाणी मोठे दगड, गिट्टी आणि जाड वाळू यांच्या थरांतून गाळून कोरड्या पडलेल्या बोरिंगमध्ये किंवा मुरमापर्यंत खणलेल्या खड्ड्यात सोडावं. रस्त्यावरचं पाणी बोरिंगमध्ये कधीही घालू नये. त्यात गाड्यांचं तेल, शेण आणि शेतातली फवारणी असते, आणि एकदा खाली गेलेलं बाहेर काढता येत नाही.

२० जुलै

आता शोषखड्डे तुंबतात. काळी माती पाणी पितच नाही. खड्डा मुरमात उतरलेला नसेल तर तो शोषखड्डा नव्हे, नुसता हौद झाला, आणि पावसात तो उलटा भरून संडासात पाणी वर येतं.

सेप्टिक टाकीचं माप लोक उगीच मोठं करतात. पाच माणसांना आत दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर पाण्याची खोली पुरते. मोठेपणापेक्षा बांधणी बघावी. तळ पक्का हवा. बिनतळाची टाकी ‘कधीच भरत नाही’ म्हणून मिरवतात, पण ती भरत नाही याचा अर्थ मैला जमिनीत, म्हणजे शेवटी बोरिंगमध्ये जातो आहे. बाहेर जाणाऱ्या पाइपाला टी-आकाराचा जोड लावून त्याचं तोंड पाण्याखाली बुडवावं, म्हणजे वरची साय वाहून खड्ड्यात जात नाही. दोन-तीन वर्षांनी गाळ गाडीनं उपसावा, थोडासा तळाशी राहू द्यावा, जंतू त्यातून वाढतात. टाकीत माणूस उतरवायचा नाही. आतला वायू काही क्षणांत जीव घेतो, आणि २०१३ च्या कायद्यानं ते गुन्हाही आहे.

शोषखड्डा आणि पिण्याचं पाणी यांत साठ फूट अंतर असावं. इथला नेहमीचा प्लॉट वीस बाय पन्नास. बोरिंग रस्त्याच्या टोकाला आणि शोषखड्डा मागच्या भिंतीला टेकवला तरी पन्नास फूट भरत नाहीत, आणि मागच्या प्लॉटवाल्यानं आपली बोरिंग नेमकी त्याच भिंतीपाशी मारलेली असते. एकेकट्या घरानं हा प्रश्न सुटत नाही. आठ-दहा घरांनी मिळून वस्तीच्या चढावाकडच्या मोकळ्या जागेत एक बोरिंग घ्यावी, बाकीच्या बोरिंग धुण्या-भांड्यांना ठेवाव्यात. त्यासाठी शेजाऱ्यांशी घर बांधायच्या आधी बोलावं लागतं. नंतर प्रत्येकाचे पैसे जमिनीत गेलेले असतात.

११ ऑगस्ट

सोयाबीन गुडघाभर. सापांचे दिवस. मण्यार रात्री घरात शिरते आणि तिचा दंश अनेकदा कळतही नाही. जमिनीवर झोपू नये, मच्छरदाणी गादीखाली खोचावी, रात्री बॅटरीशिवाय अंगणात पाऊल टाकू नये, बूट झटकून घालावेत. चावल्यास करकचून बांधणं, कापणं, चोखणं काही नको. अवयव हलू न देता थेट इस्पितळ. सर्पविषावरचं इंजेक्शन कुठे असतं ते आजच विचारून ठेवावं. इंदूरचं एमवाय रुग्णालय मोठं आहे, पण तिथपर्यंतची वाट रात्री किती वेळ घेते तेही माहीत हवं.

२८ सप्टेंबर

विजेचं. रोहित्र लांब असेल तर बांबूंवरून ओढलेली अडीच चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियमची तार दिसते. दीडशे मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन तीनशे मीटर तार, तिचा रोध साडेतीन ओहमच्या वर. दहा अँपिअर घेतले की छत्तीस व्होल्ट वाटेतच जातात. पंप सुरू होताना याच्या तिप्पट-चौपट करंट मागतो, म्हणून तो नुसता घूं घूं करतो, कॅपॅसिटर फुगतो, आणि दोष मोटरवर येतो. तार दहा चौरस मिलिमीटरची घेतली तर तोटा नऊ व्होल्टवर येतो. आधी तार बदलावी, मग स्टॅबिलायझरचा विचार करावा.

अर्थिंगची सळई खोल मुरमापर्यंत घालावी. वरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळून सळईला सोडते आणि नेमकी तेव्हाच अर्थिंग निकामी होते. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, प्रत्येक घरात हवाच.

१९ ऑक्टोबर

पाणी वर्षातून दोनदा तपासून घ्यावं, मेमध्ये आणि आता पावसानंतर. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला आला आणि जूनअखेरपर्यंत जाळण्यात आला. त्यावरून या पट्ट्यात जी काळजी निर्माण झाली ती रास्त आहे. पण काळजी मनात ठेवून पाणी तसंच पीत राहणं बरोबर नाही. तपासणीचे कागद तारखेनिशी जपून ठेवले तर उद्या काही बदललं हे दाखवता येतं. जुना आकडा नसेल तर तक्रारीला आधार राहत नाही.

विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. नायट्रेट ४५ च्या वर मुळीच नको, आणि इथे ते शेतखतातून आणि शोषखड्ड्यांतून सहज येतं. उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटल्यामुळे उलट वाढतं. तान्ह्या बाळाच्या दुधासाठी असं पाणी उकळून वापरणं म्हणजे धोका वाढवणं आहे. पाण्याला रंग, फेस किंवा रसायनाचा वास आला तर घरगुती आरओवर विसंबू नये. ते पाणी पिणं थांबवून तपासणीला द्यावं.

१६ नोव्हेंबर

पुन्हा प्लॉटच्या पाट्या लागल्या. खसरा आणि बी-१, म्हणजे जमिनीचे सरकारी उतारे, स्वतः भूलेखच्या संकेतस्थळावर बघावेत. जमीन चरनोई (गुरचरण) किंवा नाल्याची नाही ना, डायवर्शन, म्हणजे शेतजमिनीचं बिगरशेतीकरण, झालंय का, नगर तथा ग्राम निवेशचा, म्हणजे नगररचना खात्याचा, नकाशा मंजूर आहे का, रेरा क्रमांक आहे का, हे सगळं रजिस्ट्रीच्या आधी विचारायचं. पंचायतीचं पत्र म्हणजे नकाशाची मंजुरी नव्हे. नोटरीवर झालेला सौदा मालकी देत नाही. मंजूर कॉलनीतही काही प्लॉट विकासकामाची हमी म्हणून शासनाकडे बंधक, म्हणजे गहाण, असतात. आपला क्रमांक त्या यादीत नाही ना, ते पाहावं. रजिस्ट्री झाली की नामांतरण, म्हणजे सरकारी नोंदीत आपलं नाव चढवणं, लगेच करून घ्यावं. बँक ज्या प्लॉटवर कर्ज द्यायला तयार होत नाही, त्यावर आपली आयुष्यभराची बचत का घालावी?

८ फेब्रुवारी

गव्हाला शेवटची पाणी चालू आहेत. शेतांचे पंप रात्रभर चालतात आणि वस्तीची पातळी याच पंधरवड्यात घसरू लागते. ती मोजायला उपकरण लागत नाही. हजार लिटरची रिकामी टाकी किती मिनिटांत भरली ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचं. आज पंचवीस. ती पस्तिसावर गेली की पंप एकदम न चालवता सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं असा चालवायचा, म्हणजे भेगांमधून पाणी परत जमायला वेळ मिळतो. पुढची नोंद २२ तारखेला.