०.४ व्होल्टचा छडा लागला. पुढे तांब्याची पट्टी

ट्रान्सफॉर्मरच्या कोअरभोवती (लोखंडी गाभ्याभोवती) वायरचं एक कडं घालून त्याच्या दोन बिंदूंमधला व्होल्टेज मोजत होतो, आणि मीटरची वायर बाहेरून नेली की न समजणारा ०.४ यायचा. मागच्या नोंदीत ज्या ०.४ व्होल्टवर चिडून मी सगळं पोत्याखाली झाकून ठेवलं होतं, त्याचा छडा लागला. मीटर चांगलं आहे, रेझिस्टरही चांगले आहेत. उत्तर कोर्सच्या नोट्सपेक्षा आपल्या वाइंडिंगच्या (मोटारी-ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळण्याच्या) धंद्यातच निघालं, याचा आनंद वेगळाच.

बाकीचं आधी उरकतो. टँजंट गॅल्व्हनोमीटर (कॉइलमधल्या करंटने होकायंत्राची सुई किती वळते ते बघायचं साधन) झाला. २० सेंमी व्यासाची ५० टर्नची (वेढ्यांची) कॉइल, ०.१२ अँपिअरला सुई ४५ अंशावर. हिशेब केला तर पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक ३८ मायक्रोटेस्लाच्या जवळपास येतो, आणि आपल्याकडे तो साधारण तेवढाच आहे. दुकानात मात्र हा प्रयोग होत नाही. शटर लोखंडी, टेबल लोखंडी, कोपऱ्यात जळक्या मोटारींचा ढीग. शेवटी मागच्या वाडीत लाकडी बाजेवर मांडला. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचं चुंबकीय वेधकाम हलवायला १९०४ साली अलिबागची वेधशाळा उभी करावी लागली. माझं काम बाजेवर भागलं.

दुसरी गंमत ४२ ची. स्टॅबिलायझर-इन्व्हर्टरचे ट्रान्सफॉर्मर भरणाऱ्या (गुंडाळणाऱ्या) प्रत्येकाला पाठ असतं: ४२ भागिले कोअरचं चौरस सेंमीतलं क्षेत्रफळ, म्हणजे व्होल्टमागे टर्न. उस्तादांनी मला सांगितलं, मी हाताखालच्या पोरांना सांगतो. हा ४२ कुठला, हे कुणी कुणाला विचारलं नाही. फॅरेडेच्या नियमात (कोअरमधला फ्लक्स, म्हणजे त्यातून जाणारं एकूण चुंबकीय क्षेत्र, बदललं की वेढ्यात व्होल्टेज उभा राहतो) साइन वेव्ह घातली की एका टर्नला ४.४४ × फ्रिक्वेन्सी × बी (कोअरमधल्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता) × क्षेत्रफळ एवढे व्होल्ट निघतात. ५० हर्ट्झ घाला, चौरस सेंमी घ्या, उलटं करा: ४५ भागिले बी. बी १.०७ टेस्ला धरला की झाले ४२! म्हणजे कोअर एक टेस्लाच्या जरासाच वर चालवा, सॅच्युरेशनच्या (लोखंडात आणखी फ्लक्स मावेनासा होण्याच्या) नादी लागू नका, एवढंच उस्ताद सांगत होते. हल्ली किलोवर जे जुनं स्टॅम्पिंग (कोअरचे पत्रे) मिळतं, गंजलेलं, कडा उचललेलं, त्यावर याहून धीट होऊही नये.

आता मूळ दुखणं.

मांडणी तीच. जळालेल्या इन्व्हर्टरचा ट्रान्सफॉर्मर, २३० ची बाजू (प्रायमरी) शाबूत, जाड सेकंडरी (दुसरी गुंडाळी) सोलून काढलेली, त्यामुळे दोन्ही खिडक्यांत, म्हणजे कोअरच्या मधल्या दांड्याच्या दोन बाजूंच्या पोकळ्यांत, बोटं जातील एवढी जागा. मधला लेग (कोअरचा उभा दांडा) साडेसहा बाय साडेसहा सेंमी, म्हणजे टर्नला बरोबर एक व्होल्ट. मधल्या लेगभोवती सबमर्सिबलच्या पॉली वायरचं एकच कडं. त्यात डाव्या खिडकीत १०० ओहम, उजव्या खिडकीत ९०२ (८२० आणि ८२ सिरीजमध्ये). कड्याचा पुढचा बिंदू अ, मागचा ब. कड्यातून एक मिलिअँपिअर फिरतो, म्हणून एका रेझिस्टरवर ०.१ व्होल्ट आणि दुसऱ्यावर ०.९.

मीटर पुढे ठेवायचं, लाल प्रोब अ ला, काळी वायर मागे ब पर्यंत न्यायची. ती डाव्या खिडकीतून नेली की ०.१ आणि उजव्या खिडकीतून नेली की ०.९. बिंदू तेच, मीटर तेच, फक्त वायरचा रस्ता बदलला. व्होल्टमीटर नक्की काय मोजतो, हा प्रश्न रॉबर्ट रोमर यांनी १९८२ साली अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये याच भानगडीवरून विचारला होता.

ज्यांना हे करून पाहायचं आहे त्यांनी बाजारातल्या स्वस्त पिवळ्या मीटरच्या भरवशावर राहू नये. त्याची एसीची सगळ्यात खालची रेंज २०० व्होल्टची आहे. तिथे ०.१ म्हणजे शेवटचा आकडा, तोही नाचरा. थोडे जास्त पैसे जातील, पण दोन व्होल्टची एसी रेंज असलेलं मीटर घ्या. पाकिटात मिळणाऱ्या रंगीत क्रोकोडाइल क्लिपांना माझ्याकडून रामराम. आत तार केसाएवढी, आणि तीही क्लिपला सोल्डर नाही, नुसती चिमटलेली. रेझिस्टर एक टक्क्याचे मेटल फिल्म घ्या. सोनेरी पट्ट्याचा १०० ओहम माझ्याकडे ९६ भरला. आणि संध्याकाळी गावात लाइन १९० वर येते तेव्हा सगळे आकडे एकदम खाली सरकतात, ०.१ चे ०.०८, ०.९ चे ०.७४. घाबरू नका, गुणोत्तर बघा. खाली दिलेले आकडे २३० चे आहेत.

तर ०.१ आणि ०.९ आले, पेढे वाटण्याजोगी गोष्ट. मग काळी वायर खिडकीतून काढून सबंध ट्रान्सफॉर्मरला बाहेरून वळसा घालून मागे नेली, आणि मीटरवर ०.४०. वळसा डावीकडून घेतला, ०.४०. उजवीकडून घेतला, तेवढाच. वायर कोअरपासून हातभर लांब धरली तरी हलेना. पिकअप (वायरने आसपासच्या क्षेत्रातून पकडलेला व्होल्टेज) असता तर वायर हलवल्यावर बदलला असता. रेझिस्टरांची अदलाबदल केली, खिडक्यांतले आकडे उलटे झाले आणि बाहेरचा तसाच. भाचा म्हणाला, "मामा, थे मीटरच फेकून द्या." मोटर न्यायला आलेले एक काका बराच वेळ बघत उभे होते. "भाऊ, माही मोटर झाली का? आन् हे लोखंडाभवती वायर कायले फिरवून राह्यले?" मोटर झाली होती, त्यामुळे बोलणं तिथेच मिटलं.

सुटलं ते असं. दुसऱ्या एका ट्रान्सफॉर्मरला सेकंडरीतून साडेअकरा टर्न काढायचे होते. ईआय कोअरवर (ई आणि आय आकाराच्या पत्र्यांचं, तीन लेगांचं कोअर) अर्धा टर्न कसा काढतात हे वाइंडरला माहीत असतं: वायर एका खिडकीतून घालायची आणि परतताना बाहेरच्या लेगच्या बाहेरून आणायची. अर्धाच टर्न का? कारण मधल्या लेगचा फ्लक्स वर जाऊन दोन्हीकडे वाटला जातो, आणि बाहेरच्या प्रत्येक लेगमधून निम्मा परत येतो. वायर हातात होती आणि डोक्यात प्रकाश पडला. बाहेरून नेलेली काळी वायर आणि डाव्या खिडकीतला रेझिस्टर मिळून जो फेरा होतो, त्याच्या आत डावा लेग अडकतो. त्यातला फ्लक्स निम्मा, उलट दिशेचा, म्हणजे अर्धा व्होल्ट. ०.१ वजा ०.५, उणे ०.४. एसी मीटर उणे दाखवत नाही, म्हणून ०.४०. उजवीकडून मोजा: ०.९ वजा ०.५, पुन्हा ०.४. डावा वळसा आणि उजवा वळसा मिळून सगळं कोअर आत येतं आणि सगळ्या कोअरचा फ्लक्स मिळून शून्य, म्हणून बाहेरून कुठूनही जा, आकडा एकच.

खरं-खोटं करायला आधी कागदावर उत्तर लिहिलं: दोन्हीकडे ४७० ओहम घातले तर खिडक्यांतून प्रत्येकी ०.५ आणि बाहेरून शून्य. लावून पाहिलं. ०.५०, ०.५० आणि बाहेरून तीन-चार मिलिव्होल्ट. एवढा सुंदर शून्य मी आजवर फक्त बॅलन्स झालेल्या ब्रिजवर पाहिला होता.

इथे आपल्यातले इलेक्ट्रॉनिक्सवाले हात वर करणार, हे मला ठाऊक आहे. त्यांचं म्हणणं असं की कड्याच्या प्रत्येक अर्ध्या भागात अर्ध्या व्होल्टचा लपलेला सेल माना, किर्चहॉफचा नियम (बंद फेऱ्यातल्या सगळ्या व्होल्टेजची बेरीज शून्य) सुखरूप राहतो, आणि अ-ब मधला खरा व्होल्टेज तोच ०.४. खिडकीतले आकडे म्हणजे चुकीचं प्रोबिंग. आणि माझ्या बाहेरच्या वायरने त्यांचाच आकडा दाखवला! क्षणभर मीही डगमगलो. किर्चहॉफ यांनी १८४५ साली, विद्यार्थी असताना, हे नियम मांडले तेव्हा फॅरेडेंचं लोखंडी कडं (ज्यावर बदलत्या फ्लक्सने व्होल्टेज येतो हे त्यांना दिसलं) १४ वर्षं जुनं झालं होतं, पण ते नियम साध्या स्थिर करंटच्या सर्किटांसाठी होते. स्थिर करंट असताना दोन बिंदूंमधला व्होल्टेज म्हणजे टेकडीची उंची, कुठल्याही वाटेने चढा, तेवढीच. बदलता फ्लक्स वाटेत आला की ती उंचीच उरत नाही. मग ०.४ ला "खरा" म्हणण्याचा आधार एकच: दोन्ही लेगांत फ्लक्स समसमान वाटला गेला आहे.

तो समसमान राहू दिला नाही तर?

डाव्या बाहेरच्या लेगभोवती जाड तांब्याची पट्टी गुंडाळून टोकं ब्रेझ करायची. शॉर्ट टर्न, म्हणजे स्वतःवरच बंद झालेला वेढा; त्यात फिरणारा करंट फ्लक्सला अडवतो. त्या लेगमधून फ्लक्स जवळपास जाणारच नाही, सगळा उजवीकडे वळेल. कड्याला हात लावायचा नाही, रेझिस्टर तेच, खिडक्यांतले आकडे तेच. बाहेरचा आकडा मात्र ०.४ वरून डाव्या खिडकीच्या आकड्यावर यायला हवा, आणि पट्टी उजव्या लेगवर नेली तर उजव्या खिडकीच्या. कड्यापासून लांब असलेल्या एका पट्टीने "खरा" व्होल्टेज बदलत असेल तर तो खरा कसला, हे त्यांनी सांगावं.

अडचण अशी की उजवा लेग मधल्याच्या निम्म्या रुंदीचा. सगळा फ्लक्स त्याच्यावर लोटला तर बी दोन टेस्लाच्या वर जाईल आणि प्रायमरी धूर काढेल. म्हणून निम्म्या व्होल्टेजवर चालवायचं, सिरीज बल्ब लावूनच. त्यासाठी डिमरस्टॅट (व्होल्टेज हवा तेवढा कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) मागून आणणार होतो. पण हे लिहिता लिहिता आठवलं, मागच्या रॅकवर २३० ला ११० करणारा स्टेप-डाऊन धूळ खात पडला आहे. तो पुढे जोडला की झालं. आकडे निम्म्यावर येतील, ०.०५ आणि ०.४५ च्या आसपास, म्हणजे दोन व्होल्टच्या रेंजवर भागेल. डिमरस्टॅट बाद.

कोर्सचं एलसी सर्किटचं (कॉइल आणि कपॅसिटरचं) असाइनमेंट या भानगडीत राहून गेलं, ते हरभऱ्याच्या ओलिताचा हंगाम उतरल्यावर. सध्या दिवसाला मोटारी जळून येताहेत, थ्री फेज रात्रीची आणि एक फेज गेलेली लक्षात येईपर्यंत वाइंडिंग काळं. पट्टी २५ बाय ३ मिमीची हवी, हातभर पुरे. इथला दुकानदार अख्खी लांबी घ्यायला लावतो आणि तुकडा मागितला की भंगाराच्या भावाने घेतो, तांब्याच्या भावाने विकतो. कुणाकडे जुन्या पॅनेलच्या बसबारचा (करंट वाहणाऱ्या जाड तांब्याच्या पट्टीचा) तुकडा पडला असेल तर कळवा, बदल्यात टँजंट गॅल्व्हनोमीटरची कॉइल देतो.